न दिलेला हात

"लाजरसभाऊ, पुढे या," पाळकसाहेब दुसऱ्यांदा म्हणाले.

मामा उठले नाहीत. चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून, घोंगडी अंगावर ओढून बसले होते, तसेच बसून राहिले. मामा म्हणजे माझे सासरे, लाजरस हिवाळे. समोर मेजाजवळ सलोमीबाई दुशिंग पदर घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांचा मुलगा आमोस गुरुवारी जेलमधून सुटून वस्तीवर येणार होता. तो येण्याआधी दोन्ही घरांत समेट व्हावा म्हणून पाळकसाहेबांनी त्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवून घेतलं होतं. शांती करणाऱ्यांवर त्यांनी प्रवचनही तसंच दिलं होतं, लांबलचक.

माझा नवरा याकोब आधीच पुढे जाऊन आला होता. सलोमीबाईंचा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला, मान लववली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झालं गेलं देवावर सोडलं, काकू." बायकांनी डोळे पुसले. मलाही छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

"मला नाही जमायचं, पाळकसाहेब," मामा बसल्या जागेवरून म्हणाले.

"का पण?"

"मन साफ नाही."

"अहो, हात पुढे केला की मन आपोआप साफ होतं."

"माझं नाही होत." मग ते सलोमीबाईंकडे बघून म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग नाही माझा. पण तुमच्या पोराचं नाव निघालं की माझ्या तोंडात कडू पाणी येतं. ते तसं असताना हात दिला, तर तो खोटा हात होईल. देवाच्या घरात मी खोटं करणार नाही."

सलोमीबाईंनी मान खाली घातली. पाळकसाहेबांनी घाईघाईनं प्रार्थना म्हटली आणि आम्ही बाहेर पडलो. बाहेर लोक मामांपासून जरा अंतर ठेवून चालत होते.

शमुवेल माझा धाकटा दीर. आम्ही त्याला शमू म्हणायचो. आमोस कारखान्यावर ऊस नेणारा ट्रॅक्टर चालवायचा, आणि शमू त्याचा जिवलग दोस्त, सदा त्याच्या शेजारी बसलेला. दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी कालव्याच्या रस्त्यावर ट्रॉली कलंडली. आमोसनं उडी मारली, शमू उसाखाली सापडला. आमोस तिथून पळाला. शमू लगेच गेला नव्हता. मामा शोधत तिथं पोचले तेव्हा त्याचं अंग गरम होतं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर वाचला असता. हे वाक्य मामांनी एकदाच ऐकलं, पण ते पुन्हा कधी त्यांच्या कानातून गेलं नाही.

आमोस दोन दिवसांनी आपणहून पोलिसांत हजर झाला. कोर्टात त्यानं सगळं कबूल केलं, शिक्षा भोगली. आणि इकडे मामांनी चर्चमधलं प्रभुभोजन, ती भाकर आणि द्राक्षरस, घेणं बंद केलं. ताट त्यांच्यापुढे आलं की ते शेजाऱ्याकडे सरकवायचे. म्हाताऱ्यानं देवाशीच वैर धरलंय, असं वस्ती म्हणायची. आमची वस्ती लहान, प्रवरेच्या कालव्याला लागून. तिथं कुणाच्या मनात काय चाललंय ते त्याच्याआधी शेजाऱ्याला कळायचं, निदान शेजाऱ्याला तसं वाटायचं.

सोमवारी सकाळी मामांनी परसात कोयता धारेला लावला.

मी भांडी घासत होते. दगडावर पाणी शिंपडून ते सावकाश पातं ओढत होते. उचलून उजेडात बघायचे, पुन्हा ओढायचे. आमच्या घरी त्या साली ऊसतोडीला कुणी जाणार नव्हतं.

"मामा, कोयता कशाला काढला?"

"गंजला होता." थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "करुणा, आमोस कोणत्या गाडीनं येणार, काही कळलं का?"

"नाही."

"सलोमीबाईंना विचारून ये."

मला जावंसं वाटेना, पण मामांना नाही म्हणायची सवय नव्हती. सलोमीबाई अंथरुणाला टेकूनच होत्या. रविवारी चर्चला आल्या तेवढंच, एरवी पावसाळ्यापासून त्या खोकल्यानं खंगत चालल्या होत्या. माझा प्रश्न ऐकून त्या कोपरावर जोर देऊन उठून बसल्या.

"दुपारच्या नगर गाडीनं," त्या म्हणाल्या. "लाजरसभाऊंनी विचारलंय?"

"हो."

"येऊ नको म्हणून निरोप धाडणार होते गं. पण माझं आता काही खरं नाही. एकदा डोळे भरून बघावं म्हणते." मग म्हणाल्या, "त्यांना खरं तेच सांग. त्यांनी माझ्याशी खोटेपणा केला नाही."

मी येऊन मामांना गाडी सांगितली. त्यांनी मान हलवली आणि कोयता फडक्यानं पुसून खाटेखाली ठेवला.

वस्तीत दोन दिवस दबकी कुजबुज चालू होती. मी हापशावर गेले की बायका गप्प व्हायच्या. एक म्हातारी मात्र स्पष्टच म्हणाली, "सासऱ्याला कोंडून ठेव गं गुरुवारी." याकोबही तेच म्हणायचा. "बाबांवर लक्ष ठेव. काहीतरी करून बसतील." तो स्वतः इतका मोकळा झाला होता की मला नवल वाटायचं. शमू गेल्यापासून त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, आणि आता लेकराला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत होता, शीळ घालत होता. समेटाचा गुण आला, असं मी मनात म्हटलं.

बुधवारी मी शेळीला पाला आणायला निघाले. फाट्यावरून वस्तीकडे येणारी पायवाट उसाच्या दोन फडांमधून जाते. ऊस डोक्याच्या वर गेलेला, वाट इतकी अरुंद की दोन्हीकडची पानं अंगाला लागतात. वारा नसला तरी तिथं सळसळ चालूच असते. मधोमध एका ठिकाणी मला ऊस वाकलेला दिसला. डुक्कर शिरलं असेल म्हणून वाकून बघितलं. आत एक माणूस बसेल एवढी जागा केलेली होती. पाचट पसरलेलं, विड्यांची थोटकं पडलेली. पाचटाखाली कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी सोडून बघितलं. नवा कोयता होता, आणि कापड म्हणजे याकोबचा जुना सदरा. त्याची बटणं मीच लावली होती.

मी ते होतं तसं ठेवलं आणि पाला न घेताच घरी आले.

याकोब आला तेव्हा मी त्याला आतल्या खोलीत नेलं. "तुमचा सदरा उसात सापडला मला."

त्याचं हसू तसंच राहिलं. तेच मला जास्त भयंकर वाटलं. "तू उसात काय करत होतीस?"

"रविवारी तुम्ही हात दिला होता."

"हात द्यायला काय लागतं?"

"देवासमोर दिला होता."

"सगळ्या मंडळीसमोर दिला," तो हळू आवाजात म्हणाला. "उद्या कुणी म्हणणार नाही याकोबनं केलं म्हणून."

"मग कुणाचं नाव घेतील?"

दारातून बाहेर अंगण दिसत होतं. खाटेवर मामा पाठमोरे बसले होते, नातवाला मांडीवर घेऊन. याकोबची नजर तिकडे गेली आणि लगेच खाली वळली.

"बाबांचं वय झालंय," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला कोर्टही काही करत नाही. तू मधे पडू नको. शमूनं तिथं पडून कितीदा हाका मारल्या असतील, ते आठव आणि गप्प बस."

मी उठून चुलीपुढे जाऊन बसले.

गुरुवारी तो सकाळीच गेला. कारखान्यावर काम आहे म्हणाला. दुपार कलायला लागली तेव्हा मामांनी स्वच्छ धोतर नेसलं, पटका बांधला, खाटेखाली वाकले आणि घोंगडी बगलेत घेऊन उभे राहिले. घोंगडी जड दिसत होती.

"मामा," मी म्हटलं, "हे कारखान्यावर नाहीत. उसात बसलेत."

"ठाऊक आहे. रविवारीच बघितलंय मी उसात पसरलेलं ते पाचट."

"मग थांबवा त्यांना."

"थांबवायलाच चाललोय," ते म्हणाले.

त्यांनी उसाची वाट धरली नाही. कालव्याच्या कडेनं लांबून गेले. मी लेकरू शेजारणीकडे दिलं आणि त्यांच्या मागं निघाले. काय करणार होते मी, ते मला माहीत नव्हतं. घरी बसवेना एवढंच. अर्ध्या वाटेत त्यांनी वळून बघितलं. परत जा म्हणाले नाहीत.

फाट्यावर कालव्याचा पूल आहे आणि पुलाशेजारी एसटीची शेड. मी शेडमध्ये बसले, मामा पुलाच्या कठड्यावर. आणखी कुणी नव्हतं. एरवी त्या वेळी चहाची टपरी उघडी असते, तीही त्या दिवशी बंद होती. गावालाही कळलं होतं.

गाडी आली. आमोस एकटाच उतरला. मी त्याला ओळखलंच नाही आधी. भरल्या अंगाचा गडी होता तो, आता गालफडं बसलेली, हातात एक कापडी पिशवी. गाडी निघून गेली. धूळ बसल्यावर त्याला कठड्यावर बसलेले मामा दिसले. तो जागीच थांबला. पळाला नाही.

"ये," मामा म्हणाले. "एक विचारायचंय. खरं सांग. खोटं सांगितलंस तर मला कळेल."

"विचारा, काका."

"शमू काय बोलला?"

आमोसनं पिशवी खाली ठेवली.

"पाणी मागितलं. उसाखालून त्याचा एक हात बाहेर होता, तो मी धरला होता. आणतो म्हटलं. कालव्यावर गेलो, रुमाल भिजवला. तेवढ्यात लांबून मोटारीचा दिवा दिसला. मला वाटलं, आता मला मारतील. मी रुमाल टाकला आणि पळालो."

"त्यानं हाक मारली?"

"मारली. माझ्या नावानं. मी ऐकली. दारू प्यालो नव्हतो. वकील म्हणाला, गाडीचा दोष सांग. गाडीत दोष नव्हता. मीच जोरात नेली. काका, माफी मागायची मला हिंमत होत नाही."

"मागू नको," मामा म्हणाले. "आत्ता माझ्याकडं नाही ती. नसलेली वस्तू मी कुठून देऊ?"

त्यांनी मांडीवरची घोंगडी उलगडली. कोयता बाहेर काढला. पातं उन्हात पांढरं दिसलं. मी उठले. आमोस तिथंच उभा होता, हात खाली सोडून.

"माझा थोरला उसात बसलाय तुझ्यासाठी," मामा म्हणाले. "त्याला लेकरू आहे. म्हणून मी ठरवलं, त्यानं करण्याआधी आपण करावं. माझं आता काय राहिलंय? तीन दिवस हेच ठरलं होतं मनात. मला वाटत होतं, तू काहीतरी बनवून सांगशील. मग मला सोपं गेलं असतं." ते कोयत्याकडे बघत राहिले. "त्यानं हात धरला होता तुझा?"

"घट्ट धरला होता."

मामांच्या घशातून एक आवाज आला. दीड वर्षात मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, आणि तेही रडणं नव्हतं. मग ते उठले आणि कोयता कालव्यात टाकला. पाणी वाहतं होतं, बुडबुडासुद्धा दिसला नाही.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"तुझ्या आईकडं. उसाच्या वाटेनं जायचं."

"मामा, कालव्यानं चला," मी मधे पडून म्हटलं. "आलो तसे जाऊ."

"कालव्यानं गेलं तर हा आज वाचेल. उद्या काय? आणि तो तिथंच बसून राहील, पोरी. आयुष्यभर बसून राहील." त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली. "आमोस, माझ्या मागं लपू नको. बाजूनं चाल."

वाट अरुंद, दोघं एकमेकांना घासत चालले होते. मी मागं होते. ऊस दोन्हीकडून वाजत होता आणि मला त्या आवाजात दुसरं काही ऐकू येईना. मामा पुढच्या वळणाकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "याकोबा, मी येतोय. माझ्याबरोबर आमोस आहे."

याकोब उसातून वाटेवर आला. अंगाला पाचटाचा कचरा चिकटलेला, डोळे लाल. हातात कोयता होता.

"बाबा, बाजूला व्हा."

"नाही होत."

"तुम्हीच याच्या आईला हात दिला नाही ना? तुम्हीच म्हणालात ना, मन साफ नाही?"

"नव्हतंच. अजून पुरतं नाही. पण याच्या अंगावर हात टाकायचा नाही, एवढं ठरलंय माझं."

"शमूला विसरलात तुम्ही."

"मी विसरलो?" मामा एवढंच म्हणाले.

याकोब पुढे आला. आमोस म्हणाला, "काका, सोडा. त्याला करू द्या." मामांनी त्याला उसात ढकललं. पुढचं इतक्या पटकन झालं की मला ते नीट आठवत नाही. कोयता वर गेलेला आठवतो, आणि तो खाली येताना मामांचा उजवा हात मधे आलेला. कांडकं तोडताना येतो तसा आवाज झाला. मामा गुडघ्यांवर बसले.

याकोबच्या हातून कोयता गळाला. तो नुसता उभा होता, तोंड उघडं टाकून.

आमोस उसातून बाहेर आला. त्यानं अंगातला सदरा फाडला आणि मनगटाच्या वर आवळून बांधला. "ताई, हात वर धरून ठेवा," मला म्हणाला. मग मामांना पाठीवर घेतलं आणि फाट्याकडे धावला. मी शेजारून धावत होते. मागं वळून बघितलं तर याकोब वाटेत तसाच उभा होता. रस्त्यावर आमोस एका ट्रकपुढे आडवा उभा राहिला. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, पण घेतलं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात वाचवला, पण बोटं पुन्हा हलली नाहीत. पोलीस आले. जमादारानं विचारलं, "कुणी मारलं?"

"घरात झालं, घरात मिटलं," मामा म्हणाले.

"नाव सांगा. नाहीतर पडलो, लागलं, असं तरी सांगा."

"नाव सांगणार नाही आणि खोटंही सांगणार नाही. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा." जमादार आमोसकडे बघायला लागला तेव्हा मामा ताडकन म्हणाले, "यानं नाही. यानं मला आणलंय."

सकाळी याकोब वॉर्डच्या दारात येऊन उभा राहिला. रात्रभर चालत आला होता की कुठं पडून होता, त्यानं कधी सांगितलं नाही. आत यायला तो धजत नव्हता. आमोस बाकावरून उठून दुसऱ्या दारानं बाहेर गेला. आईकडे तो अजून पोचलाच नव्हता.

मामांनी डोळे उघडले. "याकोबा," ते म्हणाले, "तुला कुठं लागलं नाही ना रे?"

याकोबनं खाटेच्या कडेवर डोकं ठेवलं. मामा डाव्या हातानं त्याच्या केसांतलं पाचट काढत राहिले. बराच वेळ. मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेले.

त्या नाताळला मामांनी प्रभुभोजन घेतलं नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, "अजून काय राहिलंय, लाजरसभाऊ?" मामा म्हणाले, "थोडं आहे अजून." पाळकसाहेब त्यावर प्रवचन देतील असं वाटलं होतं, पण त्यांनी ताट पुढच्या माणसाकडे नेलं. पुढं ईस्टरला मामांनी घेतलं, कुणाला न सांगता.

याकोबची झोप उडाली होती. उठून बसायचा, अंगणात जायचा, परत यायचा. त्यानं आमोसशी बोलायचं टाळलं आणि आमोसनंही त्याला अडवलं नाही. आमोस आईची सेवा करत राहिला. ईस्टरच्या आधी, फेब्रुवारीत सलोमीबाई गेल्या.

आमच्यात कबर वस्तीतली माणसंच खोदतात. त्या सकाळी याकोब पहार घेऊन निघाला. कुणी बोलावलं नव्हतं. मी विचारलं नाही. पुढं इतरांकडून कळलं, आमोस आधीच खड्ड्यात उतरून खोदत होता, याकोबही उतरला. जमीन मुरमाड होती. एक पहार मारायचा, दुसरा माती वर टाकायचा. दोघं एक शब्द बोलले नाहीत. बाकीची माणसं कडेला बसून राहिली; कुणी मधे गेलं नाही.

माती देऊन याकोब दुपारी घरी आला. हातपाय धुतले, भाकरी खाल्ली आणि जमिनीवरच आडवा झाला. थोड्या वेळानं घोरायला लागला. मामांनी मला खूण केली. मी लेकराला उचललं आणि त्याचा आवाज होऊ नये म्हणून अंगणात घेऊन गेले.